अंगावरून गेलेले वारे

आमच्याकडे कुणाला अर्धांगाचा झटका आला, तर तरुण माणसे ‘लकवा मारला’ म्हणतात आणि म्हातारी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. या दुसऱ्या शब्दप्रयोगाचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. सकाळी जिनिंगच्या फाटकाशी कापसाची गाडी उभी करून भावासाठी हुज्जत घालणारा धट्टाकट्टा गडी दुपारी पाणी पिऊ लागतो, तो पाणी ओठांच्या कडेने ओघळते, तांब्या हातातून निसटतो, जीभ जड होते आणि तासाभरात त्याचे अर्धे अंग परक्याचे होऊन बसते. ना जखम, ना ताप. काहीतरी अदृश्य येऊन गेले एवढेच भोवतालच्यांना कळते. त्याला वारे म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? इंग्रजांनी त्याला ‘स्ट्रोक’, म्हणजे फटका, असे नाव दिले. जुन्या ग्रीकांचा शब्दही आघाताचाच. आपल्या वैद्यांनी त्याला पक्षाघात म्हटले आणि वातव्याधींत त्याची गणना केली. म्हणजे खेड्यातली म्हातारी आणि संस्कृत ग्रंथकार या बाबतीत एकाच मताचे.

हे वारे मेंदूतल्या रक्तवाहिनीचे असते, हे कळायला फार काळ जावा लागला. स्वित्झर्लंडमधल्या वेप्फर नावाच्या वैद्याने १६५८ साली मृतांचे मेंदू उघडून पाहिले आणि आतल्या रक्तस्रावाचे वर्णन लिहून ठेवले. आता आपल्याला ठाऊक आहे की बहुतेक वेळा रक्ताची गुठळी वाहिनीत अडकते, काही वेळा वाहिनीच फुटते, आणि रक्त न मिळालेला मेंदूचा तुकडा मरतो. पण वेप्फरच्या आधी आणि त्याच्यानंतरही या दुखण्यावरचे औषध मात्र सर्वांनाच ठाऊक होते! ज्याचे कारण दिसत नाही, त्यावर औषध विकणे सर्वांत सोपे. कुणी कबुतराचे रक्त चोळले, कुणी तेले चोळली, कुणी नवस बोलले. राजस्थानातल्या नागौर जिल्ह्यातले बुटाटी हे गाव तर अर्धांगाच्या रोग्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे सात दिवस मुक्काम करून परिक्रमा करतात. निदान त्या देवाची फी नसते, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत आपल्याला सावध केले नव्हते असे मात्र कुणी म्हणू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक प्राणांच्या बाजूने उभा राहणारा आणि दुसरा रोगाच्या बाजूने. या दुसऱ्या वर्गाचे वर्णन वाचताना ग्रंथकार आमच्या आठवडी बाजारातून हिंडून गेला असावा, असा भास होतो. हे लोक वैद्याचा वेश करून रस्तोरस्ती हिंडतात. कुणी आजारी आहे असे कानावर पडताच तिथे जाऊन पडतात आणि रोग्याला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःची थोरवी गातात. आधीच्या वैद्याचे दोष काढतात, रोग्याच्या इष्टमित्रांना गोड बोलून आपलेसे करतात, आणि आपल्याला पैशाची फारशी हाव नाही असेही सांगतात. गुण आला नाही, की मग साधने अपुरी होती, सेवा करणारे नीट नव्हते, रोग्याने पथ्य पाळले नाही, असा ठपका घरच्यांवरच ठेवतात. दोन हजार वर्षांत यात काय बदलले? रस्त्याच्या जागी मोबाइल आला, एवढेच.

त्याच चरकाने चांगल्या वैद्याला सांगून ठेवले आहे की असाध्य रोग हाती घेणाऱ्याच्या पैशाची, विद्येची आणि कीर्तीची हानी होते. सुश्रुताने तर पक्षाघाताचेच प्रकार पाडले. केवळ वाताने झालेला अतिशय कष्टाने बरा होणारा, दुसऱ्या दोषांची जोड असलेला बरा होण्याजोगा, आणि धातुक्षयाने झालेला असाध्य. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसाचे मतही याच्याशी जुळते. जोराचा झटका बरा करणे अशक्य आणि हलका बरा करणेही सोपे नाही, असे तो म्हणून गेला. त्यांची कारणमीमांसा आज टिकणारी नाही. पण ‘हे माझ्याने होणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते, आणि ते आजच्या पुष्कळ चकचकीत पत्रकांत सापडत नाही.

महाराष्ट्रात या दुखण्याची गोष्ट सांगायची, तर जोतीराव फुल्यांपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या सभेत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली, आणि पुढच्या दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. म्हणजे लिहिता हातच गेला. डॉक्टर विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातले सहकारी. पुण्यातल्या बाहुलीच्या हौदाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे. त्यांनी जोतीरावांवर उपचार केले. प्राण वाचले, चार पावले टाकता येऊ लागली, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. तेव्हा जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा त्यांचा शेवटचा ग्रंथ डाव्या हाताने लिहिलेला आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापून निघाला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी डाव्या हाताने अक्षर गिरवायचे म्हणजे काय, हे पहिलीच्या वर्गावर बसणाऱ्या मास्तराला विचारावे. सहा वर्षांच्या पोराचेही बोट दुखते.

पण या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बांधकामाची मोठी कंत्राटे घेतलेला हा माणूस दुखण्याच्या दोन वर्षांत ओढगस्तीला आला. ३१ जुलै १८९० रोजी मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी अशी विनंती केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. मिळवता हात थांबला की घर कसे खाली येते हे त्या पत्रावरून दिसते. आणि नेमक्या अशाच घरी महागडे औषध विकणारा येतो.

आता थोडे मागे आणि दूर जाऊ. साल १७५७. इकडे पुण्यात नानासाहेब पेशवे राज्य करीत होते, बंगालमध्ये प्लासीची लढाई नुकतीच झाली होती. विजेचा शोध तेव्हा नवा होता आणि वीज म्हणजे सर्व रोगांवरचे अमृत, अशी युरोपात हवा होती. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन विजेचे प्रयोग करतात हे ऐकून लोक अर्धांगाचे रोगी त्यांच्या घरी आणू लागले. फ्रँकलिन काचेच्या मोठाल्या बरण्यांत वीज साठवीत आणि लुळ्या हातापायाला दिवसातून तीनदा झटके देत. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी प्रिंगल नावाच्या डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रात याची सगळी हकीकत आहे. पहिल्या दिवशी ज्याचा हात गुडघ्यावरून उचलत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच उचलू लागला, तिसऱ्या दिवशी आणखी वर, आणि पाचव्या दिवशी त्याने दुबळ्या हाताने का होईना, डोक्यावरची टोपी काढली! विचार करा, आजचा एखादा माणूस असता तर त्या टोपीचे चित्र गावोगाव झळकले असते.

फ्रँकलिनने मात्र पुढचेही लिहिले. पाचव्या दिवसानंतर कुणाला अधिक गुण आल्याचे आपल्याला आठवत नाही. रोगी निराश होऊन घरी गेले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा होते तसे झाले. विजेने अर्धांगात कायमचा फायदा झालेला आपण पाहिला नाही. आणि मग त्यांनी अशी शंका काढली, की तो तात्पुरता गुण तरी विजेचाच होता कशावरून? रोज प्रवास करून आपल्या घरापर्यंत येण्याचा व्यायाम, आणि बरे होऊ ही उमेद, यांनीही हात उचलला असेल. ज्याच्या हातात औषध होते, त्यानेच ते औषध आहे की नाही याचा संशय घ्यावा, हे मला फ्रँकलिनच्या पतंगाहूनही मोठे वाटते.

त्याने ओळखलेल्या गोष्टीत आणखी एकीची भर घातली पाहिजे, आणि तीच या सगळ्या व्यापाराची किल्ली आहे. अर्धांगाचा रोगी पहिल्या काही आठवड्यांत आपोआपच बराचसा सुधारतो. मेंदूची सूज उतरते, काही दबलेले भाग पुन्हा कामाला लागतात, काही शेजारचे भाग गेलेल्यांचे काम उचलतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरातल्या सुमारे बाराशे रोग्यांची १९९५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी आहे. त्यांतल्या शंभरांपैकी पंचाण्णव जणांनी रोजच्या व्यवहारातली आपली जास्तीत जास्त सुधारणा साडेबारा आठवड्यांच्या आत गाठली होती. म्हणजे या तीन महिन्यांत तुम्ही तेल चोळा, ताईत बांधा, वीज लावा की लाखाचे इंजेक्शन टोचा, रोगी सुधारलेला दिसणारच, आणि श्रेय शेवटी जो आला त्याच्या पदरात पडणार. नंतरही सरावाने थोडेथोडे मिळत राहते, नाही असे नाही. पण वेग तो राहत नाही.

आमच्या गल्लीत असेच घडले. कालव्याखाली सहा एकर कपाशी करणारे एक गृहस्थ पन्नाशीत पडले. रुग्णालयात जीव वाचला, पाय हलू लागला, हाताची मूठ मात्र उघडेना. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. स्वतःच्याच हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यात सोडायच्या, मेंदू नवा होतो, असे सांगण्यात आले. दोन एकर विकली. नंतर ते काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत चालू लागले, तेव्हा सगळी गल्ली त्या दवाखान्याला दुवा देत होती. मूठ तशीच राहिली. मग तिकडून निरोप आला की दुसरा डोस घ्यावा लागेल. त्यांची बायको माझ्याकडे आली. म्हणाली, “गुरुजी, अजून दोन एकर काढावी का? हात उघडंल म्हणतेत.” मी म्हटले, “वहिनी, मी काही डॉक्टर नाही. पण त्यांना एवढंच विचारा, की ज्यांना हे इंजेक्शन दिलं नाही, अशा रोग्यांचं काय झालं?” तिने विचारले. उत्तरादाखल फोनवर तीन चलच्चित्रे आली. त्यांत तीन माणसे चालत होती. वहिनी शेतकऱ्याच्या घरातली. तिने मला ती दाखवली आणि म्हणाली, “यात बिनखताची पट्टी कुठाय?” जमीन राहिली.

बिनखताची पट्टी! मी वर्षानुवर्षे विज्ञान शिकवतो, पण इतके नेमके मला सुचले नसते. आमच्या परभणी जिल्ह्यात हे सांगायला नको. इथे १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘नांदेड ४४’ कपाशी ही त्या मातीतून निघालेली नावे. नवे वाण शेजारी जुन्याचा वाफा लावल्याशिवाय कुणी पसंत करीत नाही, कारण पाऊस चांगला झाला तर दोन्ही वाफे हिरवेच दिसणार. आणि गंमत अशी की औषधांची आजची कसोटीही शेतातूनच निघालेली आहे. रोनाल्ड फिशर हा गणिती १९१९ साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेतकी संशोधन केंद्रात गेला. कुठल्या वाफ्याला खत घालायचे आणि कुठल्याला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे चांगली जमीन मुद्दाम निवडली जाणार नाही, ही रीत त्याने बसवली. १९४८ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा याच रीतीने झाली आणि तिथून ती साऱ्या वैद्यकात शिरली.

या चाळणीतून अर्धांगावरची औषधे गाळली की काय होते ते पाहा. मगजातल्या पेशींचीच गोष्ट घ्या. दिल्लीच्या एम्सचे डॉक्टर कामेश्वर प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या पाच केंद्रांत १२० रोगी घेतले. चिठ्ठ्यांच्या न्यायाने अर्ध्यांना त्यांच्याच मगजातल्या पेशी शिरेतून दिल्या, अर्ध्यांना दिल्या नाहीत. २०१४ साली निकाल छापला. पेशींनी अपाय झाला नाही, पण फायदाही झाला नाही. दोन्ही वाफे सारखेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्वच्छ लिहिले आहे, की रक्ताचे काही ठरावीक विकार सोडले तर पेशींचा उपयोग मंजूर चाचणीच्या बाहेर करू नये. हे लिहून ठेवल्यावरही विक्री चालू राहिली हा भाग वेगळा.

अपाय होत नाही, हेही नेहमी खरे नसते. एका अमेरिकन गृहस्थांनी २००९ सालच्या झटक्यानंतर मेक्सिको, चीन आणि अर्जेंटिना असा प्रवास करून पेशी टोचून घेतल्या. प्रवासासह सुमारे तीन लाख डॉलर खर्च झाले. पुढे त्यांच्या पाठीच्या कण्यात एक गाठ वाढली. डॉक्टरांनी तपासली तेव्हा तिच्यातल्या पेशी त्यांच्या नव्हत्या, दुसऱ्याच कुणाच्या होत्या! २०१६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत आली. अमेरिकेतच सांधेदुखीवरचे एटानर्सेप्ट नावाचे इंजेक्शन मानेपाशी टोचून वर्षांपूर्वीचा लकवा काही मिनिटांत पळवण्याचा धंदाही पुष्कळ वर्षे चालला. २०२५ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १२६ रोग्यांच्या परीक्षेचा निकाल आला. औषधवाले आणि नुसते पाणी टोचलेले, दोन्ही गटांत पुष्कळांना बरे वाटले होते, आणि दोन्हींत फरक नव्हता.

महाग तेवढे खोटे आणि स्वस्त तेवढे खरे, असा मात्र कुणी अर्थ घेऊ नये. फ्लुऑक्सेटीन ही उदासीनतेवरची अगदी स्वस्त गोळी. २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रोग्यांवर तिने हातापायांची शक्ती वाढल्याचे दिसले आणि जगभर चिठ्ठ्या लिहिल्या जाऊ लागल्या. २०१८ साली ब्रिटनमध्ये ३,१२७ रोग्यांची परीक्षा झाली तेव्हा फायदा नाहीसा झाला आणि उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. घरच्या माणसांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवावे, ही कल्पना तर आपल्या मनाला किती पटते! भारतात १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर ती तपासली. २०१७ चा निकाल सांगतो की नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने जास्त काही साधले नाही. मला हा निकाल आवडला नाही. पण कसोटी आपल्या आवडीची नसते, म्हणून तर ती कसोटी.

आणि जिथे फायदा सापडला तिथे तो केवढ्या साध्या वस्तूत सापडला पाहा. एडवर्ड टॉब या संशोधकाने माकडांवरच्या प्रयोगांतून अशी कल्पना काढली की लुळा हात निम्मा दुखण्याने आणि निम्मा न वापरल्याने जातो. म्हणून त्याने चांगल्या हातावर जाड मोजा चढवला आणि दिवसाचा बहुतेक वेळ लुळ्याच हाताकडून काम करून घेतले. अमेरिकेत २२२ रोग्यांना घेऊन ही रीत तपासली. २००६ साली निकाल आला, आणि दोन आठवड्यांच्या या जुलमाचा फायदा वर्षानंतरही टिकलेला होता. बोटांत थोडी तरी हालचाल उरली असेल त्यांनाच याचा उपयोग, हे खरे. शिवाय शिकवणारा जाणकार लागतो, नुसता मोजा पुरत नाही. तरी त्यासाठी जमीन विकावी लागत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर तो आपल्याकडे १९५४ सालीच झाला. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा हा अधिनियम. कुठल्या रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करता येणार नाही त्यांची यादीच त्याला जोडलेली आहे आणि तीत लकवा आहे. हमदर्द दवाखान्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५९ च्या डिसेंबरात न्यायालयाने काही कलमे छाटली, कायदा ठेवला. पंचक्रोशीतल्या भिंती चुन्याने रंगवणाऱ्यांपैकी हे कुणी वाचलेले दिसत नाही.

आमच्या गावाचे नाव महाराष्ट्राला ज्या कारणाने ठाऊक आहे, ते सणासुदीला उगाळण्यासारखे नाही. १९७२ नंतरच्या त्या दीडदोन वर्षांत मांत्रिकाच्या शब्दावर इथे मुलींचे आणि बायकांचे बळी गेले. त्यावर २०२४ साली चित्रमालिकाही निघाली. लोक मला विचारतात, तुमच्या गावचे लोक इतके भोळे कसे? मी म्हणतो, आशा विकत घेणारे फक्त मानवतला राहतात असे नाही. पांढरा कोट आणि वातानुकूलित खोली असली की मुंबईचा माणूसही रांगेत उभा राहतो.

खरी घाई कुठे करावी हेही याच इतिहासात आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या ६२४ रोग्यांच्या परीक्षेने दाखवले की गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिले तर पुष्कळ माणसे अपंगत्वातून वाचतात. २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ पासून वाहिनीत तार घालून गुठळी ओढून काढण्याची रीतही सिद्ध झाली आहे. मात्र आधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक. म्हणजे तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले, की तेल गरम करीत बसायचे नाही. संभाजीनगरची घाटी आमच्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब. तिथवर वेळेत पोचणे कठीण. परभणी तासाभराच्या वाटेवर आहे. जवळ कुठल्या रुग्णालयात रात्रीही स्कॅन होतो आणि ते औषध ठेवलेले असते, ही चौकशी घरात कुणी आजारी नसताना करून ठेवायची असते. आमच्या वहिनींनी ती केली आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या वरच्या कोपऱ्यात, दुधाच्या हिशेबाशेजारी, रुग्णालयाचे नाव, त्याचा दूरध्वनी आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा आकडा लाल पेन्सिलीने लिहिलेला आहे.